न बोललेला नवस

मुलीच्या लग्नाला पंधरवडा उरला असताना देवराम तोरस्करची मांडी गेली. गेली म्हणजे जागेवरच होती, पण घालता येईना. आता बघा, नाक म्हणा, कान म्हणा, असले की झालं, माणसाचं भागतं. मांडी हा एकच अवयव असा आहे की तो नुसता असून चालत नाही, घालताही यावा लागतो. आणि देवरामला ती नेमकी ज्या दिवशी घालायची होती, तो दिवस पत्रिकेवर छापून सगळ्या ठाण्यात वाटून झाला होता.

वाटता वाटताच तर हा घोळ झाला. माजिवड्याच्या नाक्यावर पत्रिकांची पिशवी घेऊन देवराम उभा होता, बस सुटत होती, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या त्या गृहस्थाला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तो धावला. बस मिळाली. उजव्या मांडीत मात्र ओला टॉवेल पिळावा तसं काहीतरी पिळलं गेलं ते सुटेचना. वर्तकनगरला उतरेपर्यंत पाय लाकडासारखा झाला होता. चालता येत होतं, उभं राहता येत होतं. खाली बसून पाय दुमडायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे.

"मग खुर्चीवर बसा," असं तुम्ही म्हणाल. देवरामनेही गुरुजींना तेच विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. म्हणजे एखाद्या वधूपित्याला समजा बसता येत नसेल, तर कन्यादान खुर्चीवरून चालतं का? गुरुजी म्हणाले, "शास्त्रात खुर्ची कुठाय? आणि एवढं कशाला? तुमचे थोरले बंधू आहेत की. ते आणि वहिनी बसतील पाटावर."

देवरामने घाईघाईने विषय बदलला. कारण थोरले बंधू परशुरामदादा म्हणजे डोंबिवलीत राहणारं एक साक्षात संकट होतं. माणूस वाईट नव्हता हो, पण जन्मभर प्रत्येक गोष्टीत पुढे बसला होता. गावच्या गणपतीच्या पूजेला तो, वडिलांच्या श्राद्धाला तो. देवरामच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मध्ये परशुरामदादा आणि कडेला नवरा-नवरी. शिवाय साठीला टेकलेला हा माणूस रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि सोफ्यावरही मांडी घालूनच बसायचा. दुसऱ्याच्या घरी, चहा पिताना! लग्नाचं कार्यालयही त्यानेच ठरवलं होतं, स्वतःच्या घरापासून चार पावलांवरचं. आता हेमांगीचं कन्यादानही त्याच्याच हातून झालं, तर देवरामने बाप म्हणून करायचं तरी काय? पंगतीत पाणी वाढायचं? एकुलती एक पोर. तिचा हात जावयाच्या हातात आपण द्यायचा, एवढं एकच त्याला हवं होतं. त्याने ठरवलं, मांडीचं हे प्रकरण दादाच्या कानावर जाता कामा नये. म्हणजे कुणाच्याच कानावर जाता कामा नये.

पण लंगडणारा माणूस कॉलनीत लपतो होय? पाय मुरगळलाय, एवढंच तो सांगे, तरी प्रत्येकाने उपाय सांगितला. समोरच्या बिल्डिंगमधल्या रखमाबाईंनी निर्गुडीचा पाला आणून दिला. कॉलनीतले डॉक्टर म्हणाले, "शेक द्या, आराम करा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ऑफिसातला गोमाजी चेंदणी कोळीवाड्यातला. त्याने बाटलीतून मुशीचं तेल आणलं. मुशी म्हणजे शार्क, ती सगळ्या दर्यात फिरते पण तिचा एक सांधा कधी आखडत नाही, असा गोमाजीचा मुद्दा होता. "दोन दिस चोळ देवराम. नाय बसलास पलाटी मारून तर माझं नाव बदल!" देवरामने चोळलं. मांडी होती तशीच राहिली, पण बसमध्ये त्याच्या शेजारची जागा कायम रिकामी राहू लागली. घरात बायकोने, सुमतीने, त्याचं अंथरूण मोरीजवळ हलवलं. शेजारचं मांजर मात्र दाराबाहेर मुक्कामाला आलं ते हलेना. गोमाजीचं नाव काही बदललं नाही.

अशा हताश अवस्थेत सुधीर आला. सुधीर म्हणजे सुमतीच्या भावाचा मुलगा, अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये. लग्नासाठी म्हणून महिनाभराच्या रजेवर आलेला. तिकडे सकाळी पळत जायची आणि मग दुखणारे पाय लाटायची पद्धत आहे म्हणे. तर तो पाय लाटायचा रोलर त्याने बॅगेत आणला होता. करड्या रंगाच्या घट्ट फोमचा, हातभर लांब, गोल ओंडका. जमिनीवर ठेवायचा, त्याच्यावर पालथं पडायचं, कोपरांवर भार घ्यायचा आणि मांडी त्याच्यावर पुढेमागे फिरवायची.

"पोळी लाटतात तसं?" देवरामने विचारलं.

"उलटं, काका. लाटणं खाली, पोळी वर," सुधीर म्हणाला. "आधी भयंकर दुखेल, मग मसल मोकळा होतो. रोज केलंत तर लग्नात मस्त मांडी घालून बसाल."

मस्त मांडी घालून! देवरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण दीड खोलीच्या घरात लाटायचं कुठे? बाहेरच्या खोलीत सुमतीने रुखवत मांडून ठेवलं होतं. मण्यांचे मोर, लोकरीचं बाळ, आणि मधोमध तीन महिने खपून केलेलं साखरेचं तुळशीवृंदावन. देवरामने कडेची वीतभर जागा शोधली आणि रोलरवर पडला. सुधीर म्हणाला होता की दुखेल. रोलर पळतो, हे तो बोलला नव्हता. पहिल्याच फेरीला ओंडका निसटला, देवराम त्याच्या मागोमाग गेला आणि तुळशीवृंदावनात विसावला.

सुमतीने आधी साखरेचे तुकडे पदरात गोळा केले. मग म्हणाली, "अहो, तुम्ही आणि तुमचा तो ओंडका, दोघं या घरात लग्न होईस्तोवर एकत्र दिसायला नकोत मला."

राहिली गच्ची. गच्चीची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव यांच्याकडे, आणि उत्तमरावांच्या हातून किल्ली सुटणं म्हणजे सरकारी कारभार.

"कारण?" उत्तमरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"व्यायाम."

"व्यायामाला गच्ची नाही. सर्वसाधारण सभेत ठरलंय. वरच्या मजल्यावर हादरे बसतात. पापड-कुरडया, गाद्या वाळत घालणं आणि धार्मिक कार्य, एवढ्यालाच परवानगी."

"मग गादी वाळत घालतो म्हणा."

"रोज पहाटे? तोरस्कर, घरात लहान मूल नाही तुमच्या."

देवराम रडकुंडीला आला. "मग धार्मिक समजा हो," तो म्हणाला.

"मग तसं स्पष्ट बोला की!" उत्तमराव एकदम विरघळले. "देवाच्या कामाला हा उत्तमराव कधी नाही म्हणालाय?" आणि किल्ली हातात पडली. पुढच्या सगळ्या नाशाची किल्ली तीच, पण देवरामला तेव्हा काय कल्पना!

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गच्चीवर गेला. अमेरिकेची वस्तू मळायला नको म्हणून रोलरवर चादर टाकली, बनियन आणि हाफ पँटवर पालथा पडला, दोन्ही हात पुढे टेकले आणि मांडी फिरवू लागला. ते दुखणं काय सांगावं! प्रत्येक फेरीला त्याच्या तोंडून "देवा! देवा रे!" असं निघत होतं. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि रोलर पुन्हा सटकला. देवराम गडगडत थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आणि तिथून "गणराया!" म्हणून ओरडला. ओरडायला माणूस जे तोंडाला येईल ते ओरडतो.

वर पाहतो तर रखमाबाई. त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीला ऊन उशिरा येई म्हणून त्या पापड घालायला इकडे आल्या होत्या. पापडाचं सूप बाजूला ठेवून त्यांनी हात जोडले होते.

"कशासाठी चाललंय हे, भावजी?"

पकडलो गेलो, असं देवरामला वाटलं. लाजेने त्याची मान खाली गेली. "हेमांगीच्या लग्नासाठी," तो म्हणाला.

"घालता येईल ना तुम्हाला?"

आता इथे आपल्या मराठी भाषेने घात केला. या बाईला मांडीचं सगळं कळलेलं दिसतंय, असं समजून देवराम म्हणाला, "येईल. रोज थोडं थोडं करतोय. घातल्याशिवाय राहणार नाही मी."

रखमाबाईंच्या डोळ्यांसमोर होतं लोटांगण. तेही घालायचंच असतं.

"बोललात कधी?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कुणाशी बोललो नाही अजून. तुम्हीही बोलू नका."

"छे छे, देवाशी बोललात ना, बास," असं म्हणून रखमाबाई खाली गेल्या आणि वाटेतल्या प्रत्येक मजल्यावर, कुणाला सांगू नका असं बजावून, सांगत गेल्या. संध्याकाळी देवराम ऑफिसातून आला तेव्हा सगळ्या कॉलनीला ठाऊक झालं होतं की तोरस्करांनी मुलीच्या लग्नासाठी टिटवाळ्याच्या गणपतीला लोटांगणाचा नवस बोललाय आणि गच्चीवर सराव चाललाय. टिटवाळा कुणीच विचारलं नव्हतं, पण लग्नाचा नवस माणूस दुसरीकडे कशाला बोलेल?

दुसऱ्या पहाटे गच्चीवर दहा-बारा माणसं होती. चपला जिन्यात काढलेल्या. कुणी उदबत्ती लावली होती, कुणी टाकीजवळ नारळ ठेवला होता. दोन म्हाताऱ्या देवरामच्या पाया पडल्या, तेही उजव्याच. एवढ्या श्रद्धाळू मंडळींसमोर चादरीतून फोमचा ओंडका काढायचा कसा? त्याने तो जिन्यात ठेवला आणि मुकाट्याने सिमेंटच्या गच्चीवर लोटांगण घातलं. रोज घातलं. तिकडे अमेरिकेचा रोलर घरात कपाटावर पडून, आणि इकडे देवराम खडबडीत गच्चीवर सालटी काढून घेतोय. मांडी बरी व्हायच्या ऐवजी कोपर, खांदे आणि बरगड्या तिच्या पंगतीला येऊन बसल्या. "सगळ्यांना सांगून टाका ना," सुधीर म्हणायचा. काय सांगणार कपाळ! खरं सांगावं तर मांडीचं बिंग फुटतं, आणि उत्तमरावांना फसवून किल्ली घेतली हेही.

एवढ्यावर भागलं असतं तर देवराम रडत रडत का होईना, सोसून गेला असता. पण बातमी कल्याणला व्याह्यांच्या घरी पोचली. रविवारी व्याही नाईकधुरे आणि विहीणबाई न कळवता दारात उभे राहिले. नेमका परशुरामदादाही डोंबिवलीहून आला होता आणि सोफ्यावर मांडी घालून, "नवस बोललास आणि सख्ख्या भावाला सांगितलं नाहीस," म्हणून फुगून बसला होता.

विहीणबाईंनी पाण्याचा पेला तसाच ठेवला. "लोटांगणाचा नवस म्हणजे साधी गोष्ट नाही," त्या म्हणाल्या. "माणूस अडल्याशिवाय बोलत नाही. आमच्याकडे सगळे विचारताहेत, मुलीच्या लग्नात असं काय अडलं होतं? पत्रिकेत काही आहे का? आधी कुठे मोडलंय का? आम्हाला काही सांगायचं राहिलंय का?"

स्वयंपाकघराच्या दारात हेमांगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. देवरामने तिच्याकडे पाहिलं. सगळं सांगून टाकावं, नवस नाही हो, नुसती मांडी आहे, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं. पण बापाला बसता येत नाही हे झाकायला एवढं नाटक केलं असं ऐकल्यावर ही बाई तो डाग कुणाला लावणार? हेमांगीलाच. त्याने दादाच्या त्या घट्ट, सुबक, जन्मभर न दुखलेल्या मांडीकडे एकदा पाहिलं आणि सरळ खोटं बोलला.

"अडलं काहीच नव्हतं, विहीणबाई. तुमच्यासारखं घर मिळू दे, एवढंच बोललो होतो. मिळालं. म्हणून फेडतोय."

विहीणबाईंनी पदराने डोळे टिपले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" नाईकधुऱ्यांनी देवरामला मिठी मारली, ती नेमकी बरगडीवर. "लग्नाआधीच फेडून टाका," ते म्हणाले. "मंगळवारी. आम्ही सगळे येतो टिटवाळ्याला."

"मी पुढे चालेन," परशुरामदादा म्हणाला. "दिशा सांगायला कुणीतरी लागतं."

त्या मंगळवारचं वर्णन करू नये, एवढी दया आपण देवरामवर करू. थोडक्यात सांगायचं तर अख्खी कॉलनी, कल्याणची नाईकधुरे मंडळी आणि गोमाजी टिटवाळ्याला उतरले. ओल्या पंच्यानिशी देवराम देवळाभोवती लोळत होता आणि पुढे परशुरामदादा हात करून, "डावं काढ, देवा! आता सरळ! खांदा आत!" असा ट्रक मागे घ्यावा तसा ओरडत होता. देवाने नवस ऐकला नव्हता, कारण बोललेलाच नव्हता. तरी देवराम तो फेडत होता. गाभाऱ्यासमोर आल्यावर त्याने पालथ्या पालथ्याच मूर्तीकडे पाहिलं. "बाप्पा, तुझी माफी मागतो," तो मनात म्हणाला, "पण आता एवढी मांडी तेवढी घालू दे."

घरी आल्यावर सगळ्यांना वाटेला लावून तो कपाटाकडे धावला, म्हणजे सरपटला. आता कुणी बघणार नव्हतं, आता रात्रंदिवस रोलर फिरवायचा. कपाटावर रोलर नव्हता.

"तो होय?" सुमती म्हणाली. "तुळशीवृंदावनाची जागा रिकामी दिसत होती हो रुखवतात. त्याला मखमलीची खोळ शिवली, टोकांना गोंडे लावले. काय सुरेख लोड झालाय! सकाळीच कार्यालयात पाठवला रुखवताबरोबर. आणि तुमचा नवस फिटला ना, आता कशाला हवाय तुम्हाला तो?"

देवराम भिंतीला टेकून उभाच राहिला. बसता येत नव्हतं म्हणून.

लग्नाच्या दिवशी परशुरामदादा सकाळपासून सोवळं नेसून फिरत होता. "आपलं असावं तयार, तुला काही झालं तर," असं तो म्हणाला. गुरुजींनी पुकारा केला, "वधूपिता!" दोघेही भाऊ निघाले. दादा पाटाशी आधी पोचला आणि देवराम ओठ आवळून त्याच्या पुढे शिरला. देवराम पाटासमोर उभा राहिला. त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले, आणि दुमडला. आतून कडकन काहीतरी झालं. मांडी पडली! शेजारी बसलेल्या सुमतीचा हात त्याने एवढा दाबला की तिची एक बांगडी फुटली.

आणि मग त्याने कन्यादान केलं. गुरुजी पाणी सोडा म्हणाले की पाणी सोडत होता, नाव घ्या म्हणाले की गोत्रासकट घेत होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हेमांगीचा हात त्याच्या ओंजळीत होता, मग तो जावयाच्या हातात गेला. दादा मागे उभा होता. देवरामच्या सबंध आयुष्यात परशुरामदादा मागे उभा होता, असा हा पहिलाच प्रसंग.

फक्त घातलेली मांडी सुटेना.

सप्तपदी झाली, पंगती उठल्या, रुखवत आवरलं, देवराम पाटावरच. "बसू दे मला," तो म्हणे. "बरं वाटतंय." कार्यालयवाला सतरंज्या गुंडाळत त्याच्यापर्यंत आला आणि वळसा घालून गेला. पाठवणीची वेळ झाली. दारात गाडी उभी, वऱ्हाड उभं, बायकांचे हुंदके सुरू झालेले, आणि वधूपिता हॉलच्या मधोमध एकटा मांडी घालून. विहीणबाई गहिवरून म्हणाल्या, "पाहिलंत? हटून बसलेत. मुलीला न्यायचं म्हटल्यावर उठवत नाही त्यांना." ते ऐकून नाईकधुरेसुद्धा रडायला लागले.

"मी उठवतो त्याला," म्हणून परशुरामदादा सोवळं खोचत पुढे झाला.

"काका, थांबा तुम्ही," हेमांगी म्हणाली.

ती शालू सावरत आली आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. वाकून नमस्कार करताना तिने त्याच्या उजव्या पायाचा अंगठा घट्ट धरला.

"किती दिवस बघतेय मी बाबा," ती हळूच म्हणाली. "मोरीजवळ झोपलात, गच्चीवर सोलून घेतलंत. मला एकदा सांगायचं तरी. आता मी अंगठा ओढते. तुम्ही जोरात ओरडा. ओरडलात तरी चालेल, सगळे रडतायत."

तिने ओढलं. देवराम ओरडला. असा ओरडला की बाहेर गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न थांबवला, आणि परशुरामदादाला हुंदका आला. आतला पीळ सरसर सुटत गेला, पाय मोकळा झाला, सरळ झाला, दुखायचा थांबला. सुमतीने हेमांगीला उठवून गाडीकडे नेलं. सुधीरने हात दिला आणि देवराम आपल्या दोन्ही पायांवर अगदी सहज उभा राहिला.

ओरडणं मात्र त्याला थांबवता येईना.